मागून आलेली पावलं

गेममध्ये मागे पावलं वाजतात आणि खेळाडू गर्रकन वळतो. खोक्यावर '७.१ सराउंड' असं ठळक छापलेलं असलं, तरी बहुतेक वायरलेस गेमिंग हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात. एक डावा, एक उजवा. मग 'मागे' कुठून येतं?

डावं-उजवं ओळखणं मेंदूला सोपं जातं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो. फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास, पण तेवढा पुरतो. खरा पेच पुढच्या-मागच्या आवाजाचा. नाकासमोरचा आणि थेट पाठीमागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच जोराने शिरतो. तिथे निवाडा करते कर्णपाळी. तिच्या वळ्यांवर आणि खाचांवर आपटून काही कंप्रता उठावदार होतात, काही दबतात. दिशा बदलली की ही छापही बदलते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांच्या कर्णपाळीच्या खाचांत त्यांनी साचे बसवले. लगेच आवाज वरून येतोय की खालून, हे त्या लोकांना कळेनासं झालं. साचे तसेच ठेवून रोजचे व्यवहार चालू राहिले आणि काही आठवड्यांत मेंदू नवा कान शिकला. साचे काढल्यावर जुना कानही तो विसरलेला नव्हता!

सराउंडचं सॉफ्टवेअर हीच छाप गणिताने आवाजावर उमटवतं. त्यासाठी मोजमापं लागतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून ७१० दिशांची मोजमापं घेतली गेली. अशा सॉफ्टवेअरपैकी विंडोज सॉनिक फुकट आहे. डॉल्बी अॅटमॉस आणि डीटीएस हेडफोन एक्स यांना पैसे पडतात. पण महागडा पर्याय तुमच्या कानाला जुळेलच असं नाही, कारण या छापा सहसा सर्वसाधारण कानाच्या असतात. मित्राला जिथे पावलं नेमकी मागे ऐकू येतात, तिथे तुम्हाला नुसता घुमणारा आवाज मिळू शकतो. प्लेस्टेशन ५ मध्ये अशा छापांचे वेगवेगळे प्रोफाइल ऐकून निवडता येतात, ही सोय मला फार मोलाची वाटते.

एक चूक मात्र सर्रास होते. व्हॅलरंटसारख्या गेमच्या सेटिंगमध्येच छाप उमटवण्याची ही प्रक्रिया असते. ती चालू ठेवून वर विंडोजचं सराउंडही लावलं, तर छापेवर छाप पडते आणि दिशा पुसट होते. दोन्हींपैकी एकच ठेवा. तरीही पुढे की मागे कळत नसेल, तर माउस किंचित उजवीकडे वळवा: समोरचा आवाज डाव्या कानाकडे सरकेल, मागचा उजव्या. प्रत्यक्षात मान वळवून आपण हेच करतो, आणि हे साध्या स्टिरिओतही जमतं.

आता वायरलेसचं. प्रक्रिया पीसी किंवा कन्सोलमध्येच होत असेल, तर हवेतून दोनच चॅनल पाठवायचे असतात. त्यात सराउंडचं काही बिघडत नाही. ब्लूटूथवर आवाज अनेकदा १०० मिलिसेकंदांहून उशिरा येतो. दोन्ही कानांत उशीर सारखाच असल्यामुळे दिशा टिकते, पण शत्रू तोवर पुढे गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे माइक चालू केला की नेहमीचं ब्लूटूथ फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतं आणि दोन्ही कानांत एकच मोनो आवाज येतो. मग सराउंड कुठलंही असो, डावं-उजवंही उरत नाही. टीमशी बोलत खेळायचं असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल असलेला हेडसेटच घ्यावा.