आनंदीबाई जोशींच्या अस्थी अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत का आहेत?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं निधन 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात झालं. वय अवघं 21. त्यांच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. हे कार्पेंटर कोण?

ओळख कशी झाली?

आनंदीबाईंचे पती गोपाळराव पोस्ट खात्यात होते. पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी त्यांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली. त्यांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं आणि सोबत ख्रिस्ती होण्याचा सल्लाही! 1880मध्ये न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. मदत देऊ केली, धर्मांतराची अट न घालता. मग पत्रं सुरू झाली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

दोन्हीकडून दबाव

मिशनऱ्यांना आनंदीबाई ख्रिस्ती व्हाव्यात असं वाटत होतं. इकडे लोकांना त्या बाटून परत येतील अशी भीती होती. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर भाषणात उत्तर दिलं: हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन.

जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बंदरावर घ्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या. कॉलेज सुरू होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या. साडी आणि शाकाहार त्यांनी अमेरिकेतही सोडला नाही.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. या सोहळ्याला त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. रमाबाईंनी 1883मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. महाराष्ट्रात त्यावरून गदारोळ झाला, पण या दोघींमधला जिव्हाळा टिकला.

शेवटचा प्रवास

वर्षभरातच क्षयाने आनंदीबाईंचा मृत्यू झाला. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. तिथल्या दगडावर आजही आनंदीबाईंचं नाव वाचता येतं.

दोघींनी शेवटपर्यंत आपापला धर्म पाळला. तरीही आनंदीबाईंची शेवटची जागा मावशींच्या माणसांमध्येच आहे.