पूर येण्याआधीच मोबाइलवर पैसे! बांगलादेशात नेमकं काय घडलं?

पूर आला की पुढचा क्रम आपल्याला पाठ असतो. पाणी ओसरतं, तलाठी गावात येतात, पंचनामे होतात, याद्या लागतात आणि मग मदत मिळते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने हे सगळं पाहिलंय. पण मदत पुराच्या आधीच हातात पडली तर? जुलै २०२० मध्ये बांगलादेशात असं घडलं.

नेमकं काय झालं?

ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरली की पुढे तिला जमुना म्हणतात. तिच्या पात्रात वाळूची बेटं आहेत. तिथे त्यांना ‘चर’ म्हणतात. थोडी शेती, मजुरी आणि एखाद-दुसरं जनावर, यावर इथली घरं चालतात. जुलैच्या सुरुवातीला मोठ्या पुराचा अंदाज आला आणि संयुक्त राष्ट्रांनी लगेच निधी मोकळा केला. त्यातून जागतिक अन्न कार्यक्रमाने २३ हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी ४,५०० टका मोबाइलवर पाठवले.

इतक्या लवकर कसं जमलं?

कारण कुणाला, किती आणि कुठून द्यायचे, हे आधीच ठरलं होतं. साधारण १० दिवस आधीचा अंदाज आला की तयारीला लागायचं, ५ दिवस आधीच्या अंदाजानेही धोका पक्का केला की पैसे सोडायचे. ऐनवेळी बैठका घ्यायची गरजच उरली नाही.

फरक पडला का?

पुरात हाताला काम नसतं. मग शेळी मिळेल त्या भावाने विकली जाते, जास्त व्याजाने कर्ज काढलं जातं, जेवण कमी केलं जातं. पाणी उतरतं, पण कर्ज मागे राहतं.

पैसे मिळालेल्या आणि यादीत असूनही पैसे न मिळालेल्या कुटुंबांची नंतर तुलना झाली. पैसे मिळालेल्यांवर पुराच्या काळात अख्खा दिवस उपाशी राहण्याची वेळ येण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती. त्यांनी महागडं कर्ज कमी घेतलं. तीन महिन्यांनंतरही त्यांच्या घरातलं खाणंपिणं तुलनेने बरं होतं.

मग अडचण काय?

अंदाज चुकू शकतो. पैसे वाटले आणि पूर आलाच नाही, असंही होऊ शकतं. शिवाय ज्यांचं मोबाइल खातं नव्हतं, अशी कुटुंबं मागे राहिली. आणि एवढ्याशा रकमेत पडलेलं घर उभं राहत नाही. त्यामुळे पंचनामा आणि भरपाई लागणारच.

पण पंचनामा झालेलं नुकसान मोजतो. हातावर पोट असलेल्या घराला त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस काढायचे असतात. पावसाचे आणि धरणातल्या विसर्गाचे इशारे आता आपल्याही मोबाइलवर येतात. त्या इशाऱ्यासोबत थोडे पैसेही आले तर?