दूरच्या मैदानाचा श्रोता

एखादा मनुष्य इंग्लंडांत जन्मतो, तेथेंच राहतो, आणि त्याचें चित्त मात्र अमेरिकेंतील बेसबॉलच्या एखाद्या संघावर जडतें. तें मैदान त्यानें पाहिलेलें नसतें. खेळाडूंपैकीं एकाशींही त्याची ओळख नसते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर त्या खेळाचे नियमही ठाऊक नसतात. असा मनुष्य आपला छंद कसा जोपासतो आणि त्यांतून त्याच्या हातीं काय लागतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रथमदर्शनीं तो फार दूरचा वाटेल. परंतु परदेशांतील क्रिकेटचें धावतें वर्णन ज्यांनीं परंड्यास, तुळजापुरास किंवा उमरग्यास बसून कान टवकारून ऐकलें, त्यांना हा मनुष्य परका वाटूं नये.

दूरच्या खेळाच्या भक्ताला तीन गोष्टी साधाव्या लागतात : घड्याळ, नकाशा आणि जमाखर्च.

प्रथम घड्याळ घेऊं. न्यूयॉर्कचें घड्याळ लंडनच्या पांच तास मागें असतें. तेथें सायंकाळीं ७ वाजतां सुरू होणारा सामना लंडनच्या श्रोत्याला मध्यरात्रीं १२ वाजतां ऐकावा लागतो. नऊ डावांनंतर बरोबरी राहिली तर खेळ पुढें चालूच राहतो. त्यांतच एकेका संघाचे मुख्य हंगामांत १६२ सामने! तेव्हां कोणत्या सामन्यासाठीं जागावयाचें आणि कोणता सकाळीं नुसता वाचावयाचा, हें त्याला आधींच ठरवावें लागतें.

आपला हिशेब याहून निराळा नव्हता. उन्हाळ्यांत लंडन आपल्याहून साडेचार तास मागें असतें, त्रिनिदाद साडेनऊ तास मागें, तर मेलबर्न तेथील उन्हाळ्यांत साडेपांच तास पुढें. म्हणून इंग्लंडांतील खेळ आपल्याकडे दुपारीं व रात्रीं, वेस्ट इंडीजमधील रात्रभर, आणि ऑस्ट्रेलियांतील पहाटे. भूगोलाच्या तासाला रेखांश शिकवितांना मी हींच उदाहरणें घेत असें. पंधरा अंशांस एक तास हें सूत्र ज्या मुलांच्या डोक्यांत एरवीं शिरत नसे, त्यांना मेलबर्नचा सामना पहाटे कां सुरू होतो हें एका वाक्यांत उमगे.

घड्याळाची दुसरीही बाजू आहे. १२ जून १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे १२ जून २०२४ रोजीं न्यूयॉर्कजवळ भारत आणि अमेरिका यांचा क्रिकेटचा सामना झाला. तो तेथें सकाळीं साडेदहाला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रात्रीं ८ वाजतां, जेवणाच्या सुमारास. त्या सामन्यांत विराट कोहली व रोहित शर्मा या दोघांनाही बाद करणारा अमेरिकेचा गोलंदाज होता सौरभ नेत्रावळकर. हा मूळचा मुंबईकर आणि व्यवसायानें अभियंता. जेथें दूरचे प्रेक्षक कोट्यवधि असतात, तेथें खेळच त्यांच्या घड्याळाप्रमाणें वागतो. जेथें ते मूठभर असतात, तेथें त्यांनाच झोप मोडावी लागते.

दुसरी गोष्ट नकाशा. ऐकणाऱ्याच्या मनांत मैदान आंखलेलें नसेल तर वर्णन म्हणजे नुसता गलबला. क्रिकेट जाणणारा इंग्रज बेसबॉल ऐकूं लागतो तेव्हां पहिल्यानें फसतो तो येथेंच. क्रिकेटमध्यें चेंडू फलंदाजाच्या पाठीमागें गेला तरी धावा मिळतात. बेसबॉलमध्यें मैदान फलंदाजापासून काटकोनांत पुढें पसरलेलें असतें, आणि त्या दोन रेषांबाहेर मारलेल्या चेंडूवर धाव घेतां येत नाहीं. नव्वद नव्वद फुटांवर चार ठाणीं असतात. तीं क्रमानें गांठून परत आलें म्हणजे एक धाव. तीन गडी बाद झाले कीं फलंदाजीची पाळी संपते. एवढा आराखडा कागदावर काढून समोर ठेवला कीं निवेदकाचे शब्द आपापल्या जागीं जाऊन बसूं लागतात. आपल्याकडे हें काम पुष्कळसें भाषेनें केलें. बाळ ज. पंडित यांनीं आकाशवाणीवरून मराठींत क्रिकेटचें वर्णन केलें. षटक, झेल, यष्टिरक्षक हे शब्द कानांवर पडत गेले, आणि ज्यांनीं कसोटीचें मैदान कधीं पाहिलें नव्हतें त्यांनाही तें दिसूं लागलें.

तिसरी गोष्ट जमाखर्च. रात्रीं ऐकतां आलें नाहीं तरी सकाळीं कोष्टक वाचून सामना मनांत पुन्हा उभा करतां येतो. बेसबॉलचें हें कोष्टक रूढ करणारे हेन्री चॅडविक हे १८२४ सालीं इंग्लंडांतील एक्सेटर येथें जन्मले होते. ते लहानपणीं अमेरिकेस गेले आणि तेथें आरंभीं क्रिकेटचे वृत्तांत लिहीत. म्हणजे आजचा इंग्रज भक्त जें कोष्टक वाचतो, त्याचें बीज त्याच्याच देशाच्या खेळांत आहे. आपल्यालाही आंकडे असेच बोलतात. ऑगस्ट १९७१ मध्यें ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि चंद्रशेखर यांनीं ३८ धावांत सहा बळी घेतले, एवढें वाचलें तरी अजित वाडेकर यांच्या संघाचा तो विजय जाणत्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो.

आतां एक आक्षेप. गांवचें सोडून परमुलखांतील खेळांत जीव कशाला गुंतवावा, असें वडीलधारे म्हणत. परक्या खेळाची आवड हा दोष नव्हे; तिच्यामुळें कान तयार होतो, भूगोल कळतो, चिकाटी अंगीं येते. पण आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या महिला खो-खो संघानें २०१६ सालीं दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लींत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकांत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. या खेळाचाही जमाखर्च मराठी वृत्तपत्रांत छापून येतो. खेळाडूच्या नांवापुढें कंसांत तो किती मिनिटें टिकला आणि त्यानें किती गडी टिपले, हें दिलेलें असतें. तो कंस आपल्यापैकीं किती जण वाचतात? मेलबर्नचें क्षेत्ररक्षण ज्याला तोंडपाठ, त्याला आठ बसलेल्या गड्यांचीं तोंडें आळीपाळीनें विरुद्ध दिशांस कां असतात, आणि पाठलाग करणाऱ्याला मध्येंच मागें कां वळतां येत नाहीं, हें सांगतां येऊं नये, ही चांगली गोष्ट नव्हे.

त्या इंग्रज भक्तानें मध्यरात्रीं जागून, आराखडा काढून, कोष्टकें वाचून परका खेळ आपलासा केला. तेवढे श्रम आपणही परदेशच्या क्रिकेटसाठीं आनंदानें घेतले. त्यांतला थोडासा भाग जवळच्या मैदानास दिला तर तेथें ना रात्र जागावी लागेल, ना घड्याळाची वजाबाकी करावी लागेल. सायंकाळीं चार पावलें चालत जाणें एवढेंच पुरेल.