चैत्यभूमीच्या मुक्कामाची पिशवी



नोव्हेंबर सरत आला की मावळात थंडी वाढते आणि आपल्या वस्त्यांमध्ये विचारणा सुरू होते : यंदा चारला निघायचं की पाचला? वडगावहून कोणी लोकलने लोणावळा गाठून पुढे दादरची गाडी धरतं, कोणी गल्लीत वर्गणी काढून टेम्पो किंवा बस ठरवतं. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागेला वंदन करायला आपण लेकराबाळांसह जातो. एक-दोन रात्री शिवाजी पार्कचा मंडप हेच आपलं घर असतं.

आपल्याच तालुक्यात पवना धरणाच्या काठी शहरातली कुटुंबं तंबूत राहायला येतात. सोबत काय आणायचं, हे त्यांना बुकिंग करतानाच सांगितलं जातं. आपलं कुटुंब मैदानावर मुक्कामाला निघतं तेव्हा अशी यादी कोणी देत नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आपल्या पिशवीबद्दल बोलू.

पिशवी भरणारीपासून सुरुवात

घरची पिशवी बहुतेक वेळा आईच भरते. मुलांचे स्वेटर, सासूबाईंची बीपीची गोळी, मालकांचा चष्मा, सगळ्यांच्या भाकऱ्या तिला आठवतात. तिची स्वतःची गोळी मात्र फडताळातच राहते. "दोन दिवसांनी काय होतंय?" असं म्हणून ती निघते. उपासिकांनो, बीपी, साखर, थायरॉईड किंवा फिट्स यांची गोळी मनाने बंद करायची नसते. फिट्सच्या रुग्णाला तर चुकलेली गोळी आणि जागरण ही दोन्ही कारणं झटका यायला पुरतात. म्हणून यंदा पिशवी भरताना पहिली वस्तू पिशवी भरणारीची असू द्या : तिची औषधं, तिचा बदलायचा कपडा, तिचे पॅड. पाळीची तारीख जवळ नसली तरी पॅड घ्या. प्रवासात तारीख मागेपुढे होते. वापरलेले पॅड गुंडाळायला जुने कागद आणि एक वेगळी थैली ठेवा.

औषधं अंगाजवळ

मोठी बॅग मंडपात राहते आणि आपण रांगेत असतो. म्हणून औषधं मोठ्या बॅगेत नकोत. खांद्याला अडकवायच्या छोट्या थैलीत ठेवा. जितके दिवस बाहेर आहोत त्यापेक्षा दोन दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, कारण गाडी चुकते, परतायला उशीर होतो. गोळ्या पाकिटातून सोडवून पुडीत बांधू नका. वेळ आली तर डॉक्टरांना पाकिटावरचं नाव वाचता आलं पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत ठेवा. टीबीची औषधं चालू असतील तर एकही दिवस खाडा नको. ती मोजून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांना फ्रिजची काळजी असते. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, फक्त ऊन लागू देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून ओलं सुती फडकं बांधलं तरी गारवा राहतो. बर्फाला मात्र टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. जेवणाआधीचं इंजेक्शन जेवण हातात आल्याशिवाय घेऊ नका. रांग कधी पुढे सरकेल याचा नेम नसतो.

दिवसभर चालणं आणि खाण्याची वेळ चुकणं यामुळे साखर एकदम उतरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही त्याची खूण. माणूस शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि मग काही खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. साखरेची पुडी प्रत्येक मधुमेही माणसाच्या खिशात असलीच पाहिजे.

बाबासाहेबांना स्वतः मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना चालणं जड झालं होतं. त्यांना वंदन करायला जाताना आपण आपले पाय जपू. मधुमेही माणसाने अनवाणी चालू नये. पायाला बधिरपणा असेल तर काच टोचलेलीही कळत नाही. नवी चप्पल नको, रोजची सवयीची आणि मागे पट्टा असलेली घाला. चप्पल काढावी लागते तिथे पायात मोजे असू द्या आणि रात्री झोपताना दुसऱ्या कोणाला तरी तळवे बघायला सांगा.

पाणी कमी पिऊ नका

ही गोष्ट बायका एकमेकींत बोलतात, पण कोणी लिहीत नाही. शौचालयाला मोठी रांग असते, अंधार असतो, म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. मग चक्कर येते, डोकं दुखतं, घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. कित्येक जणी बीपीची गोळीही "सारखी लघवी होते" म्हणून टाळतात. ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला, त्या समाजाच्या लेकीने भीतीपोटी तहानलेलं राहू नये.

त्यासाठी पिशवीत चार वस्तू टाका : माणशी एक लिटरची बाटली, छोटी टॉर्च, साबणाची वडी आणि आडोशाला धरायला एक गडद ओढणी. शिवाजी पार्कवर महापालिका पिण्याचं पाणी, फिरती शौचालयं आणि वैद्यकीय कक्ष यांची सोय करते. पोहोचल्या पोहोचल्या या तिन्ही जागा पाहून ठेवा. शौचालयाला दोघी-तिघी मिळून जा. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी गाडी ठरवतानाच वाटेत कुठे थांबायचं हे बायकांना विचारून ठरवावं.

ओआरएसची चार-पाच पाकिटं घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करायचं नाही. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.

शिदोरी आणि चूल

भात, रस्सा, दुधाचे पदार्थ डब्यात दिवसभर ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत ते लवकर बिघडतात. कोरडं घ्या : भाकरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, गूळ, चिवडा, केळी, लिंबं. अन्नदान घेताना गरम वाढलेलं घ्या आणि आधी साबणाने हात धुवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध. दुधाची बाटली मैदानावर स्वच्छ राहत नाही, जुलाब तिथूनच सुरू होतात.

स्टोव्ह, रॉकेल, छोटा गॅस यातलं काहीही नेऊ नका. रेल्वेत त्याला बंदी आहे आणि त्यामागे कारण आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात सोबत आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण दगावले. मंडप तर कापडाचाच असतो.

कपडे आणि मुलं

वडगावहून पहाटे निघताना थंडीने दात वाजतात आणि दादरला उतरलं की घाम येतो. जाड गोधडीपेक्षा अंगावर दोन-तीन पातळ कपडे बरे, एकेक काढता येतात. अंथरायला प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, माणशी एक चादर आणि म्हाताऱ्यांना व लहानांना कानटोपी. जमिनीची ओल अंगात गेली की दमेकऱ्याला त्रास होतो. त्याचा पंप त्याच्याच खिशात हवा. डासांसाठी मलम घ्या.

प्रत्येक मुलाच्या आतल्या खिशात नाव, गाव आणि दोन मोबाईल नंबरांची चिठ्ठी ठेवा. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढा. हरवल्यास गणवेशातल्या पोलिसाकडे जायचं, हे त्याला घरीच शिकवा. मोबाईलची बॅटरी संपतेच, म्हणून नंबर मोठ्यांकडेही कागदावर हवेत.

गरोदर भगिनी येणार असेल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवं. दिवस भरत आले असतील तर तिने गर्दीत जाऊ नये. वस्तीच्या विहारातलं वंदन कमी मोलाचं नाही. आणि वडगावपासून थोड्याच स्टेशनांवर देहूरोड आहे, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तब्येत साथ देईल तेव्हा तिथे जाता येतं.

ओझं वाटून घ्या

पिशवी भरून झाली की उचलून पाहा. सगळं एकाच गाठोड्यात बांधलं तर ते शेवटी आईच्याच डोक्यावर येतं. प्रत्येकाची छोटी पिशवी वेगळी करा. दहा वर्षांचं पोरही आपली चादर आणि बाटली नेऊ शकतं. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाताना हीच पिशवी पुन्हा कामाला येईल.

परतल्यावर ताप दोन दिवसांत उतरला नाही, जुलाब थांबले नाहीत किंवा लघवीची जळजळ सुरू झाली तर अंगावर काढू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा.

आणि पिशवी गच्च भरू नका. शिवाजी पार्कवरून आपला माणूस पुस्तकं घेतल्याशिवाय परतत नाही. त्यांच्यासाठी वर चार बोटं जागा मोकळी ठेवा.