पळसदेवात समुद्र मांडताना: पंप कोणता घ्यावा?

उजनीच्या काठावर राहून घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तर सगळ्यात आधी पंप नीट निवडा. खोक्यावर लिहिलेले ‘लिटर प्रति तास’ शून्य उंचीचे असतात. २ मीटर हेडचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढवणारा, पंप चार फूट चढवताना साधारण निम्मंच पाणी देतो. २०० लिटरच्या टाकीत तासाला पाचपट पाणी फिरायला हवं, म्हणजे प्रत्यक्षात १,००० लिटर. तेव्हा २,००० चा पंप घ्या.

कूलरचा पंप स्वस्त पडतो म्हणून घालू नका. तो मिठाच्या पाण्यासाठी नसतो, गंजतो. त्यातून तांबं उतरलं तर कोळंबी, शंख मरतात. सिरॅमिक दांड्याचा, पूर्ण सीलबंद पंपच बघा.

वॅटही वाचा. ४० वॅटचा पंप महिन्याला जवळपास २९ युनिट खातो, शिवाय पाणी तापवतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते फार जाचतं. डीसी पंप थोडा महाग, पण वीज कमी घेतो आणि वीज गेली तर जुळत्या व्होल्टेजच्या बॅटरीवरही चालवता येतो.

आणि हे कळकळीने सांगतो: कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी विकायला आणले तरी घेऊ नका. कृत्रिम खडकांतही क्लाउनफिश छान रमतो.