नागपूर योजनेपासून समृद्धीपर्यंत : देशाच्या मध्यावरचे रस्ते आणि रूळ

डिसेंबर १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि स्वातंत्र्याला अजून जवळजवळ चार वर्षे अवकाश होता. अशा वेळी देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार केला. ‘नागपूर योजना’ या नावाने तो आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतो. अखंड हिंदुस्थानासाठी सुमारे ३ लाख ३१ हजार मैल, म्हणजे ५ लाख ३२ हजार किलोमीटर रस्त्यांचे लक्ष्य त्यात होते. त्या आकड्याहून महत्त्वाची होती ती त्यामागची कसोटी. चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, अशी ती कसोटी होती. रस्त्यांचा हिशेब गावापासून सुरू झाला होता.

राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख आणि इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंडही त्याच योजनेची. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या फलकांवर आजही प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी अक्षरे दिसतात, ती याच वर्गवारीची. या योजनेची पूर्वतयारी मुकुंदराव जयकरांच्या समितीने केली होती. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या जयकरांनी १९२७-२८ मध्येच सांगितले होते की रस्ते बांधणे प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ऐपतीबाहेर गेले आहे. केंद्राने पेट्रोलवर कर लावून वेगळा निधी उभा करावा, असे त्यांनी सुचवले. १९२९ मध्ये तो निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आज पेट्रोल-डिझेलवर आपण भरतो त्या रस्ते उपकराचे मूळ तिथे आहे.

लांबीचे उद्दिष्ट १९६१ पर्यंतच ओलांडले गेले, पण अनेक रस्त्यांवर पूल नव्हते, मधले तुकडे जोडलेले नव्हते. मैल मोजायचे की पोहोच मोजायची, हा प्रश्न तेव्हापासून भारतीय वाहतूक धोरणाच्या पाठीशी लागला आहे. नागपूर आणि विदर्भाइतके त्याचे ठळक उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

रूळ आधी आले

नागपूरला रेल्वे आली ती कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा भुसावळकडून निघालेला फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दहा वर्षांनी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. पूर्वेकडे छत्तीसगडपर्यंत आधी मीटरगेज गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज करून कलकत्त्याच्या दिशेने नेली. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली स्थानकाची इमारत १९२५ मध्ये उघडली. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली–मद्रास हा थेट मार्ग नागपूरमार्गे जोडला गेला. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे देशाचे दोन मोठे लोहमार्ग तेव्हापासून इथे एकमेकांना भेटतात.

या मोक्याच्या जागेचा भारही नागपूरलाच सोसावा लागला. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांकडे जाणारा कोळसा, दक्षिणेकडे जाणारे धान्य, पूर्वेकडून येणारे पोलाद आणि लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस हे सारे वर्षानुवर्षे त्याच दोन रुळांवरून धावत राहिले. त्यात पॅसेंजर नेहमी शेवटी. काटोल किंवा हिंगणघाटहून रोज नागपूर गाठणाऱ्या माणसाला आउटरला खोळंबणे सवयीचे झाले. त्यातच एकाच शहरात दोन रेल्वे झोनची दोन मंडळे आहेत : मध्य रेल्वेचे नागपूर मंडळ आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचेही नागपूर मंडळ. एकाचे मुख्यालय मुंबईत, दुसऱ्याचे बिलासपुरात.

देशाने मालवाहतुकीसाठी वेगळे लोहमार्ग बांधले, पण पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही समर्पित मार्ग विदर्भाबाहेरून गेले. भुसावळ–नागपूर–खरगपूर आणि इटारसी–नागपूर–विजयवाडा हे पुढचे प्रस्ताव अनेक वर्षे कागदावरच फिरत राहिले. त्याऐवजी आहे त्याच मार्गाच्या शेजारी तिसरी, चौथी मार्गिका टाकण्याचे धोरण आले. २०२५ हे वर्ष अशा मंजुऱ्यांच्या बाबतीत विदर्भासाठी भरघोस ठरले : एप्रिलमध्ये गोंदिया–बल्लारशा दुहेरीकरण, मे महिन्यात वर्धा–बल्लारशा चौथी मार्गिका, ३१ जुलैला इटारसी–नागपूर चौथी मार्गिका. शेवटच्या कामाचा अंदाजित खर्च ५,४५१ कोटी रुपये आणि लांबी २९७ किलोमीटर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत देशातल्या मालवाहतुकीचा सिंहाचा वाटा रेल्वेकडे होता. राष्ट्रीय रेल्वे योजनेनुसार तो २७ टक्क्यांवर आला आणि २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचा आहे. देशाच्या मध्यावरची ही कोंडी सुटल्याशिवाय ते लक्ष्य गाठता येणार नाही.

छोट्या गाड्यांचे काय झाले

विदर्भातल्या खेड्यांची गाडी म्हणजे नॅरोगेज. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या मार्गावरची ‘शकुंतला’ तर एका ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीची. सर्व लोहमार्ग सरकारजमा झाले तेव्हाही तो राहून गेला. गाडी रेल्वेची, रूळ कंपनीचे, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, अशी ही रचना अनेक दशके चालली. तिचे मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबत होते. कापूस कमी झाला, ट्रक आले, रुळांची निगा थांबली, वेग घसरला आणि शेवटी गाडीच बंद पडली. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या, सर्वेक्षणे झाली, ‘शकुंतला बचाव’साठी लोक रुळांवर उतरले. अचलपूर, दर्यापूर, दारव्ह्याचा प्रवासी मात्र तोवर काळीपिवळीत बसून गेला होता.

नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस थांबली आणि पाच-सहा वर्षांत सातपुड्याच्या घाटातून ब्रॉडगेज पूर्ण झाली. हे काम धोरणाच्या बाजूने सांगण्याजोगे आहे. इतवारी–नागभीडची कहाणी वेगळी. उमरेड, भिवापूरकडची भाजी, मिरची आणि मजूर नागपुरात आणणारी ही गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, काम ‘महारेल’ या कंपनीकडे गेले आणि अभयारण्याजवळच्या टप्प्याचा प्रश्न उभा राहिला. २०२५ च्या दिवाळीपर्यंतही इतवारी ते नागभीड हा पूर्ण पल्ला ब्रॉडगेजने जोडला गेलेला नाही. जुनी गाडी बंद करण्याचा दिवस नक्की असतो आणि नवी सुरू होण्याचा नसतो. मधल्या काळात प्रवाशाने काय करायचे, याची तरतूद प्रकल्पाच्या कागदात कुठेच नसते.

वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाला २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली, २००९ मध्ये भूमिपूजन झाले. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला, चाळीस किलोमीटरहूनही छोटा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मधल्या काळात केंद्रात आणि राज्यात सरकारे बदलली, राज्याच्या हिश्श्याचा पैसा कधी आला, कधी अडला, भूसंपादन तालुक्यागणिक रेंगाळले. गडचिरोली जिल्ह्यात तर आजवर एकच रेल्वे स्थानक आहे, ते वडसा. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. त्या मार्गाचे काम अजून सुरूच आहे.

रस्ता पुढे का गेला

रस्त्यांच्या बाजूला चित्र पार निराळे आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले, नागपूरचे नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले आणि १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली खासगी कंपनीची ३,६०० कोटींची निविदा नाकारून महामंडळाने रोख्यांतून पैसा उभा केला आणि काम जवळपास निम्म्या खर्चात झाले. सरकारी तिजोरीत पैसा नसला तरी टोलच्या भरवशावर बाजारातून कर्ज काढून रस्ता बांधता येतो, हे सूत्र तिथे सिद्ध झाले. वाजपेयी सरकारच्या सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाने महामार्गांचे काम देशभर नेले. उत्तर–दक्षिण महामार्ग नागपूरवरून गेला. जुन्या क्रमांक ६ आणि ७ च्या महामार्गांचे छेदन इथेच होते. २०१० च्या नव्या क्रमांकांनुसार ते ५३ आणि ४४ झाले.

२०१४ पासून गडकरी केंद्रात रस्ते वाहतूक मंत्री आहेत. तेव्हा सुमारे ९१ हजार किलोमीटर असलेले राष्ट्रीय महामार्ग आता १ लाख ४६ हजारांच्या घरात गेले आहेत. यात मोठा वाटा राज्यमार्गांना राष्ट्रीय दर्जा देण्याचा आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. खासगी कंत्राटदार बँकांच्या कर्जात बुडाले तेव्हा ‘हायब्रिड अॅन्युइटी’ पद्धत आली : बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम सरकारने द्यायची, उरलेली पुढच्या वर्षांत हप्त्यांनी. अडलेली कामे त्याने हलली. दुसरीकडे महामार्ग प्राधिकरणाचे कर्ज सुमारे साडेतीन लाख कोटींवर गेले आणि बाजारातून नवे कर्ज घेणे थांबवावे लागले. ३४,८०० किलोमीटरच्या भारतमाला योजनेत २०२३ नंतर नवी कामे मंजूर होणे थांबले.

अमरावती–अकोला महामार्ग या दोन्ही बाजूंचा साक्षीदार आहे. वर्षानुवर्षे रखडलेल्या, खड्ड्यांनी हैराण केलेल्या याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर एकेरी मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

रेल्वेला असे मोकळे हात नाहीत. मालभाड्याच्या कमाईतून प्रवासी तिकिटांचा तोटा भरायचा आणि नव्या मार्गाचा पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून थोडा थोडा मिळवायचा, अशी तिची जुनी चाल. २०१७ मध्ये स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला. आता वर्षाला अडीच लाख कोटींहून अधिक भांडवली खर्च होतो. मात्र जुन्या व्यवस्थेत कोणत्या मार्गाला किती मिळाले हे संसदेत उघड बोलले जाई. आता ते ‘पिंक बुक’ या रेल्वेच्या तरतुदींच्या पुस्तिकेतल्या ओळींत शोधावे लागते.

समृद्धी

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग हे या धोरणाचे सर्वांत मोठे फळ. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, १२० मीटर रुंदीचा पट्टा. देवेंद्र फडणवीस यांनी २०१५ मध्ये त्याची घोषणा केली. ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा, सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यासह. नागपूर–मुंबई हा सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला.

जमिनीचा प्रश्न इथे वेगळ्या रीतीने सुटला. आधीची भूसंचय योजना शेतकऱ्यांनी फेटाळली, ठिकठिकाणी मोजणी रोखली. मग सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला आणि जमीन मिळाली. शेतकऱ्याला बोलू दिले आणि योग्य पैसा दिला तर काम अडत नाही, हा त्याचा धडा. वर्ध्याच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखताना हा धडा सरकारने आठवायला हवा. कोल्हापूर, सांगलीच्या बागायतदारांचा विरोध मुख्यतः सुपीक जमीन जाण्याला आहे, आणि त्यावर केवळ मोबदल्याचे उत्तर पुरणार नाही.

समृद्धीने जीवही घेतले. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्यानंतर महिनाभरात शहापूरजवळ गर्डर उभारण्याचे यंत्र कोसळून २० कामगार मृत्युमुखी पडले. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी, घासलेल्या टायरांनी धरलेला वेग, थांबायला जागा नसलेले लांबच लांब टप्पे ही कारणे एकेक करून समोर आली. उद्घाटन झाले त्या दिवशी पुरेशी विश्रांतिस्थळे तयार नव्हती. महामार्गालगत उभी राहणार होती ती कृषी नवनगरेही अजून आराखड्यातच आहेत. शेतमालाला शीतगृह आणि बाजार देण्याचे वचन त्यांच्यावर अवलंबून होते.

जंगलातून जाणारा रस्ता

महामार्ग ४४ वरचा मनसर ते खवासा हा टप्पा पेंच व्याघ्र प्रकल्पाला खेटून जातो. चौपदरीकरण इथे अनेक वर्षे अडले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधून, त्यातला एक ७५० मीटर लांब ठेवून, रस्ता जमिनीपासून उचलला गेला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून ये-जा करणारे वाघ, रानकुत्रे, चितळ टिपले गेले. खर्च वाढला, वेळ गेला, पण भारतातल्या पुढच्या अनेक महामार्गांसाठी नमुना तयार झाला. अजनीतल्या रेल्वे वसाहतीची झाडे तोडून प्रवासी केंद्र बांधण्याच्या बेताविरुद्ध नागपूरकर २०२१ मध्ये उभे राहिले, तोही याच जाणिवेचा भाग.

शहराच्या आत ३८ किलोमीटरची मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाली. वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी रचना झाली. कामठी मार्गावर गड्डीगोदामला रेल्वेलाइनही त्यात सामील झाली. जागा आणि पैसा दोन्ही वाचले, आणि मेट्रो, महामार्ग प्राधिकरण, रेल्वे एकत्र बसली की काय होते ते दिसले. असे एकत्र बसणे उपराजधानीबाहेर फारसे घडत नाही.

पुढे काय मागायचे

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीतल्या गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे लोकार्पण झाले आणि त्या भागात स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी पोहोचली. आजारी माणसाला अहेरीला नेण्यासाठी लागणारा वेळ त्या एका गाडीने किती कमी केला, हे कोणत्याही अहवालाहून तिथले लोक नेमके सांगतील. इकडे काटोल-वरूडच्या संत्रा बागायतदाराचा माल आजही आधी चिखलाच्या पांदणीत अडतो. द्रुतगती मार्गाने मुंबई आठ तासांवर आली खरी, पण पावसाळ्यात बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडी आणायला अर्धा दिवस जातो.

विदर्भाच्या खासदार-आमदारांकडे आता मोठ्या घोषणांपेक्षा काही ठोस उत्तरे मागायला हवीत. मंजूर झालेल्या प्रत्येक रेल्वेमार्गाचे पूर्णत्वाचे वर्ष आणि दरवर्षीची तरतूद एका ठिकाणी जाहीर व्हावी. तिसऱ्या-चौथ्या मार्गिका झाल्यावर त्यावर मेमू आणि पॅसेंजरसाठी किती वेळा राखून ठेवल्या जातील, हे आधी ठरावे. समृद्धीच्या प्रत्येक इंटरचेंजपासून आजूबाजूच्या तालुक्यांच्या बाजारापर्यंतचा जोडरस्ता आणि पांदण रस्ते यांना महामार्गाइतकाच प्राधान्याचा निधी मिळावा. आणि वडसा–गडचिरोली मार्गावर पहिली प्रवासी गाडी कोणत्या वर्षी धावेल, इतवारीहून नागभीडला दिवसातून किती फेऱ्या होतील, याचे लेखी उत्तर येत्या अर्थसंकल्पाच्या आधी मिळावे.