संशोधनातील गोपनीयता आणि बालकाचे रक्षण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा शिष्यास उपदेश आहे. संशोधनातील गोपनीयतेचे तत्त्वही हेच. परंतु बालरोगावरील चिकित्सा-अभ्यासात सहभागी बालकाने किंवा त्याच्या मातेने बालकावरील लैंगिक अत्याचाराची हकीकत सांगितली, तर संशोधकाचे कर्तव्य कोणते?

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालील बालकावरील अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस देणे बंधनकारक आहे. संशोधक यास अपवाद नाही. कलम २१ नुसार कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्हेतूने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणी, माहिती न दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये फिरविला.

म्हणून संपूर्ण गोपनीयतेचे वचन देणे हाच मुळात दोष ठरतो. जे पाळता येणार नाही, त्याचे आश्वासन देऊन बालकाचा विश्वास संपादन करणे अनैतिक होय. गोपनीयतेची मर्यादा संमतिपत्रात पहिल्या प्रश्नापूर्वीच सोप्या मराठीत नमूद असावी व बालकासही त्याच्या वयानुरूप सांगावी.

बालक बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे. खोदून प्रश्न विचारू नयेत. त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. घरातीलच व्यक्तीवर संशय असल्यास तिच्यासमोर वाच्यता करू नये. पुढे काय होणार, हे बालकास सांगावे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पोलिसांस माहिती दिल्यावर नीतिविषयक समितीस कळवावे. ही नोंद अभ्यासाच्या सामग्रीपासून वेगळी व सुरक्षित ठेवावी. बालकाची ओळख प्रबंधात किंवा परिषदेत कदापि उघड होऊ नये.

अभ्यासास अर्थसाहाय्य देणाऱ्या फार्मसीमालकांनीही समुपदेशकाची तरतूद आराखड्यातच करावी. अभ्यास अपूर्ण राहील या भीतीने मौन पाळण्यास कोणीही सुचवू नये.

रुग्णाचे हित हाच चरकोक्त उपदेशाचा हेतू आहे. अपराध्यास आडोसा देण्यासाठी त्याचा आधार घेता येणार नाही.